पिंजऱ्यातले अरण्य : स्वच्छंदतावादी चित्रकलेतील वन्यप्राणी

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात यूजेन देलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराचे १८३०च्या सुमाराचे एक चित्र आहे. एक वाघीण पुढचे पाय पसरून पहुडली आहे आणि जवळजवळ तिच्याएवढाच वाढलेला तिचा बछडा तिच्या अंगाला बिलगून खेळतो आहे. मागे उजाड डोंगर आणि ढगाळ आकाश. माणसाचा कोठे मागमूस नाही. शिकारी नाही, बंदूक नाही, पळणारे हरिणही नाही. दोन जनावरे आपल्या नादात आहेत आणि पाहणाऱ्याची त्यांना दखलही नाही.

हे चित्र रंगवले तेव्हा देलाक्रवा तिशीच्या थोडा पुढे होता. ज्या देशांत वाघ आढळतो त्यांपैकी एकही देश त्याने पाहिला नव्हता आणि पुढेही कधी पाहिला नाही. त्याची वाघीण सेन नदीच्या डाव्या तीरावरील ‘जार्दँ दे प्लांत’ या उद्यानातल्या पिंजऱ्यात होती. स्वच्छंदतावादी चित्रकलेतील वन्यप्राण्यांचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. युरोपने रंगवलेले ते अफाट, भयकारी अरण्य बहुतांशी शहरातल्या कोठड्यांत पाहिलेले आहे. कॅनव्हासवर आणताना चित्रकाराने गज तेवढे पुसून टाकले.

ते का पुसावे लागले, याचे उत्तर काही अंशी त्या काळच्या सौंदर्यविचारात सापडते. १७५७ साली एडमंड बर्क याने ‘उदात्त’ आणि ‘सुंदर’ या दोन कल्पनांचे मूळ शोधणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. (ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटात महाभियोग चालवणारा बर्क तो हाच.) उदात्ताचा उगम भयात आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. हे सांगताना त्याने जनावरांचेच दाखले दिले. बैल बलवान आहे, तसा नांगराचा बैलही बलवानच असतो. परंतु जे बळ माणसाच्या कामी जुंपलेले आहे त्याने मन थरारत नाही. सिंह, वाघ, गेंडा यांचे बळ कोणाच्या आज्ञेत नसते, म्हणून ते उदात्त. आता हा विचार एक पाऊल पुढे नेला की पेच उभा राहतो. पिंजऱ्यातल्या सिंहाचे बळ माणसाच्या ताब्यात गेलेले असते. मग तो उदात्त कसा राहील? चित्रकाराला तर सिंह पाहायला मिळतो तो तेथेच.

घोडा आणि सिंह

हा पेच पहिल्यांदा समर्थपणे हाताळला तो लिव्हरपूलला जन्मलेल्या जॉर्ज स्टब्स याने. स्टब्सची ख्याती घोड्यांचा चित्रकार म्हणून. लिंकनशायरमधील हॉर्कस्टो गावी त्याने सुमारे दीड वर्ष एकामागून एक मेलेल्या घोड्यांचे शवविच्छेदन केले, स्नायूंचा एकेक थर उतरवत रेखाटने केली आणि १७६६ साली ‘घोड्याची शरीररचना’ हा ग्रंथ काढला. त्याच सुमारास त्याने एक विषय हाती घेतला आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे तो सोडला नाही : सिंहाने हल्ला केलेला घोडा. कधी सिंह कपारीतून बाहेर पडतो आहे आणि घोडा दचकून थिजला आहे, तर कधी सिंहाचे दात घोड्याच्या पाठीत रुतले आहेत.

विषय नवा नव्हता. सिंह घोड्यावर तुटून पडल्याचे एक प्राचीन शिल्प रोममध्ये आहे आणि स्टब्स १७५४ साली रोमला जाऊन आलेला होता. सिंहासाठी मात्र त्याला फार लांब जावे लागले नाही. लंडनच्या पश्चिमेला हाउन्स्लो हीथ येथे लॉर्ड शेलबर्न यांच्या खाजगी संग्रहात एक सिंह होता. त्यावरून त्याने अभ्यास केला, असे त्याच्या समकालीनाने नोंदवले आहे. आज हीथ्रोला उतरणारे प्रवासी ज्या परिसरावरून जातात, साधारण त्याच भागातला हा सिंह.

या मालिकेत नवी गोष्ट होती ती घोड्याची मुद्रा. ताणलेल्या शिरा, विस्फारलेले डोळे आणि मागे ओढलेले ओठ यांतून जी यातना दिसते ती तोवरच्या युरोपीय चित्रांत हुतात्म्यांच्या आणि पुराणपुरुषांच्या वाट्याला येत असे. जनावरालाही एक अंतरंग असते आणि त्याची भीती हा गंभीर चित्राचा विषय होऊ शकतो, हे या चित्रांनी न बोलता सांगितले. घोड्यांचा वेडा असलेला तरुण फ्रेंच चित्रकार तेओदोर जेरिको याने स्टब्सच्या या कल्पनेची आपल्या हाताने नक्कल केली. देलाक्रवा जेरिकोचा धाकटा मित्र होता. इंग्लंडमधून हा धागा पॅरिसला पोचला तो असा.

‘सिंह मेला, लगेच या’

पॅरिसमध्ये त्याची गाठ एका नव्या संस्थेशी पडली. राज्यक्रांतीनंतर, १७९३-९४ मध्ये, व्हर्सायच्या राजवाड्यातील उरलीसुरली जनावरे आणि रस्त्यांवर खेळ करणाऱ्यांकडून पोलिसांनी जप्त केलेले प्राणी ‘जार्दँ दे प्लांत’मध्ये आणून ठेवण्यात आले. राजाची करमणूक आता राष्ट्राची मालमत्ता झाली आणि तिला विज्ञानाचे अधिष्ठान मिळाले. शेजारीच निसर्गेतिहासाचे संग्रहालय होते. जनावर जिवंत असेतो लोकांनी पाहावे. मेले की शरीरशास्त्रज्ञांनी फाडावे आणि सांगाडा कपाटात लावावा, अशी ती व्यवस्था होती.

या व्यवस्थेचा लाभ देलाक्रवा आणि त्याचा मित्र, शिल्पकार आंत्वान-लुई बारी, यांनी पुरेपूर उठवला. १८२८-२९ च्या सुमारास तेथील एक सिंह मेला तेव्हा देलाक्रवाने बारीला घाईघाईने चिठ्ठी पाठवली : सिंह गेला आहे, ताबडतोब निघा, हवा अशी आहे की वेळ दवडून चालणार नाही. प्रेताला थांबायला वेळ नसतो, हा त्यातला अर्थ. दोघांनी त्या कलेवरापाशी बसून रेखाटने केली. कातडे उतरवल्यावर पुन्हा केली. बारी तर प्रत्येक सांध्याचे माप घेई. त्याच्या उरलेल्या रेखाटनांवर शेपटीपासून जबड्यापर्यंत आकडे टिपलेले आढळतात.

देलाक्रवाने काय पाहिले, याची एक आठवण त्याच्या परिचितांनी नोंदवून ठेवली आहे. कातडे काढलेला सिंहाचा पुढचा पाय त्याला माणसाच्या हातासारखा दिसला. राक्षसी, पिळवटलेला, उलटा वळलेला, पण हातच. हे वाक्य शरीरशास्त्राचे आहे तसेच स्वच्छंदतावादाचेही आहे. जनावर आणि माणूस यांच्यामधली भिंत पातळ आहे, एकाच घडणीची ही निरनिराळी रूपे आहेत, हा विचार तेव्हा पॅरिसच्या वैज्ञानिक वर्तुळात चर्चेचा होता आणि डार्विनचा ग्रंथ यायला अजून तीस वर्षे अवकाश होता.

आता पुन्हा त्या वाघिणीकडे यावे. १८३१ च्या सलॉनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात, ती टांगली गेली तेव्हा लोकांना खटकली ती तिची लांबीरुंदी. फ्रेंच अकादमीने चित्रप्रकारांची एक उतरंड ठरवून दिलेली होती. सर्वांत वर धर्म, पुराण आणि इतिहास, मग व्यक्तिचित्र, मग रोजच्या जीवनातील प्रसंग आणि निसर्गदृश्य, जनावरे आणि फळाफुलांच्या मांडण्या तळाशी. जवळजवळ दोन मीटर रुंदीचा कॅनव्हास हा सम्राटांचा आणि देवदेवतांचा मान. तो देलाक्रवाने एका वाघिणीला आणि तिच्या बछड्याला दिला, तोही कोणतीही कथा न सांगता. या गृहस्थाने वाघ जितका वाघासारखा रंगवला तितका माणूस माणसासारखा कधी रंगवला नाही, अशा आशयाचा टोमणा एका समीक्षकाने मारला. त्याला ती निंदा वाटली असावी. आज ती वाचताना कौतुकासारखी वाटते.

बारीची गत याहून चमत्कारिक झाली. त्याच १८३१ च्या सलॉनमध्ये त्याचे गाजलेले शिल्प होते : सुसरीला फाडून खाणारा वाघ. ही सुसर म्हणजे लांब, चिंचोळ्या जबड्याची, गंगेच्या खोऱ्यातली घडियाल. बारीने भारत पाहिलेला नव्हता. वाघ त्याला पिंजऱ्यात भेटला आणि सुसर संग्रहालयात. एका बागेत शेजारी आलेल्या या दोन भारतीय जीवांची त्याने कल्पनेत झुंज लावली. घडियाल मासे खाणारी, माणसाच्या किंवा वाघाच्या वाटेला सहसा न जाणारी. पण पॅरिसच्या प्रेक्षकाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि शिल्पातला प्रत्येक स्नायू इतका खरा होता की प्रसंगाच्या खरेपणाविषयी शंका घ्यावी असे कोणाच्या मनात येईना. अशा जागी जरा थांबावे लागते. तपशील अचूक असला की कल्पित दृश्यही पुराव्यासारखे वाटू लागते, आणि पूर्वेकडचे देश म्हणजे सतत रक्तपात चाललेले रान, हा समज युरोपात रुजला त्यात अशा अचूक तपशिलांचा वाटा लहान नाही.

पुढे बारीचा साप चिरडणारा सिंह राजवाड्याच्या त्विलरी उद्यानात बसवला गेला, तेव्हा बागेचे प्राणिसंग्रहालय करता की काय, अशी कुचेष्टा झाली. राजपुत्रासाठी त्याने घडवलेली शिकारदृश्ये सलॉनच्या परीक्षकांनी १८३७ मध्ये नाकारली. त्यांतला ‘वाघाची शिकार’ हा गट हत्ती, हौदा आणि हिंदी पोशाखातले शिकारी यांसह आज अमेरिकेत, बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात पाहायला मिळतो. तेथे राहणाऱ्या मराठी वाचकांनी तो पाहावा आणि हत्तीच्या बारकाव्यांची माणसांच्या चेहऱ्यांशी तुलना करावी. ज्या बागेत त्याने प्रेते मोजली, तेथेच १८५४ साली बारी प्राण्यांचे रेखाटन शिकवणारा प्राध्यापक झाला. तरुण रोदँ त्याच्या विद्यार्थ्यांत होता.

न पाहिलेल्या शिकारी

देलाक्रवा १८३२ साली एका फ्रेंच शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोला गेला. घोडे एकमेकांवर धावून गेलेले त्याने तेथे पाहिले. सिंहाची शिकार पाहिली नाही. तरीही त्याच्या उत्तरायुष्यातली सर्वांत बेभान चित्रे सिंहाच्या शिकारीचीच आहेत. १८५५ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनासाठी रंगवलेले भव्य चित्र बोर्दो शहरात गेले आणि १८७० च्या आगीत त्याचा वरचा भाग जळाला. उरलेला तुकडा तेथे आहे. नंतरच्या दोन आवृत्त्या बॉस्टन आणि शिकागो येथील संग्रहालयांत आहेत.

शिकागोच्या चित्रापुढे उभे राहिले की प्रथम काहीच उमगत नाही. घोडे, फेटे, भाले, आयाळी आणि लाल-निळ्या रंगांचे लोट यांचा एक भोवरा तेवढा दिसतो. मग हळूहळू कळते की यात जिंकणारा कोणी नाही. सतराव्या शतकातील रुबेन्सच्या शिकारचित्रांवरून देलाक्रवाने ही रचना घेतली होती, पण रुबेन्सच्या चित्रांत माणसाची सरशी दिसत असते. येथे शिकारी आणि शिकार एकाच आवेशाने एकमेकांत गुंतले आहेत. पिंजऱ्यापुढे वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाने रंगवलेला हा मोकळा सिंह आहे. त्याच्या मोकळेपणात थोडा अतिरेक आहे, तो कदाचित म्हणूनच.

स्ट्रँडवरचा हत्ती आणि चौकातले सिंह

लंडनमध्ये त्याच काळी चित्रकारांची शाळा भरत असे ती स्ट्रँड या गजबजलेल्या रस्त्यावरच्या एक्सेटर चेंज नावाच्या इमारतीत. खाली दुकाने आणि वरच्या मजल्यावर सिंह, वाघ, माकडे. त्यांत ‘चुनी’ नावाचा भारतातून आणलेला हत्तीही होता. एड्विन लँडसिअर हा पुढे व्हिक्टोरिया राणीचा आवडता ठरलेला चित्रकार पोरवयात तेथेच सिंह रेखाटायला शिकला. चुनी वर्षानुवर्षे त्या माडीवर उभा होता. मस्तीच्या दिवसांत तो अनावर होऊ लागला, तेव्हा १ मार्च १८२६ रोजी मालकाने त्याला ठार मारण्याचे ठरवले. विषाने काम होईना म्हणून सैनिक बोलावले गेले आणि शंभराहून अधिक गोळ्या झाडल्यावर तो पडला. या प्रकाराची छापील चित्रे लंडनभर खपली. त्यांत गज दिसतात. बाजारातल्या स्वस्त चित्राला उदात्ताची फिकीर नव्हती. ही इमारत १८२९ मध्ये पाडली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी रीजंट्स पार्कमधले प्राणिसंग्रहालय उघडले होते.

लँडसिअरने पुढे एकदा पिंजराही रंगवला. आयझॅक व्हॅन ॲम्बर्ग या अमेरिकन खेळियाचे १८३९ चे त्याचे चित्र राणीच्या संग्रहात गेले. त्यात हा गृहस्थ सिंह-वाघांच्या मधोमध आरामात पहुडलेला आहे. पण त्याचे नाव घरोघर पोचवले ते १८५१ च्या ‘मोनार्क ऑफ द ग्लेन’ या चित्राने. धुके विरणाऱ्या स्कॉटिश डोंगरांपुढे मान उंचावून उभा असलेला बारा टोकांच्या शिंगांचा सांबरासारखा भारदस्त नर. हे चित्र लॉर्ड्स सभागृहाच्या उपाहारगृहासाठी काढले होते. कॉमन्सने पैसे मंजूर केले नाहीत. पुढे ते साबणाच्या आणि मद्याच्या जाहिरातींत इतके वापरले गेले की मूळ चित्राकडे कोरी नजर टाकणे कठीण झाले. २०१७ साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाने ते चाळीस लाख पौंडांना घेतले.

देलाक्रवाने गज पुसले, तर या चित्रातून कुळेच्या कुळे पुसली गेली आहेत. हायलँड्समधील शेतकऱ्यांना जमीनदारांनी मेंढ्यांसाठी, आणि पुढे हरणांच्या शिकारीसाठी, जमिनींवरून हुसकावले होते. त्यातले अनेक बोटीने कॅनडाला गेले. चित्रातला डोंगर निर्मनुष्य आहे, कारण तो तसा करण्यात आला होता. लँडसिअरला हे कळत नसेल असे नाही. त्याचे आश्रयदाते त्याच जमीनदारांपैकी होते.

ट्राफल्गार चौकातील चार ब्राँझचे सिंहही त्याचेच. नेल्सनचा स्तंभ उभा राहून दोन तपे होत आली तरी सिंह तयार होईनात. प्राणिसंग्रहालयातला एक मेलेला सिंह त्याच्या कार्यशाळेत आणून ठेवला होता. काम लांबले आणि सिंह सडू लागला. शेवटी १८६७ साली सिंह बसले. त्यांचे पंजे कुत्र्यासारखे आहेत, असे तेव्हापासून म्हटले जाते. त्यांच्या पाठीवर चढून बसणाऱ्या मुलांना त्याने फरक पडत नाही.

टोपी मागे सारलेला चित्ता

या साऱ्या चित्रांच्या पलीकडे, काळाने बरेच आधीचे, एक चित्र मँचेस्टर आर्ट गॅलरीत आहे आणि भारतीय प्रेक्षकाने ते चुकवू नये. तेही स्टब्सचेच, १७६४-६५ मधले. मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगट याने इंग्लंडला परतल्यावर राजा तिसरा जॉर्ज याला एक चित्ता नजर केला. चित्त्याबरोबर त्याला सांभाळणारे दोन हिंदी सेवकही आले. जून १७६४ मध्ये विंडसरच्या राजोद्यानात जाळी लावून मैदान आखले गेले आणि एका नर हरणावर चित्ता सोडण्यात आला. हरणाने शिंगे रोखून त्याला पुन्हापुन्हा परतवले. अखेर चित्ता जाळीबाहेर पडला आणि त्याने दुसरेच एक लहान हरीण मारले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘वाघ’ म्हटले.

चित्ता का हरला, हे कोल्हापूरच्या कोणाही जुन्या चित्तेवानाने सांगितले असते. चित्त्याच्या शिकारीची एक रीत होती. डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीतून काळविटांच्या कळपाजवळ न्यायचे, कारण कळप गाडीला बुजत नाही. टप्प्यात आले की टोपी काढायची आणि सोडायचे. मग मोकळ्या माळावर काही क्षणांची धाव; साधले तर साधले, नाहीतर चित्ता दम टाकून बसतो. त्याची मदार वेगावर असते, झुंजीवर नसते. जाळीच्या कोंडीत, अंगाने थोराड आणि शिंगे रोखून उभ्या राहिलेल्या हरणापुढे तो काय करणार? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही कोल्हापूर संस्थानात ही शिकार चाले आणि देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणले जात. २०२२ साली नामिबियाहून कुनोला आलेले चित्ते म्हणजे भारतात आलेले पहिले आफ्रिकी चित्ते नव्हेत. इंग्रजीतला ‘चीता’ हा शब्दही हिंदीतूनच गेलेला आहे, आणि त्याच्या मुळाशी संस्कृतातला ‘चित्र’ म्हणजे ठिपकेदार, रंगीबेरंगी हा शब्द आहे.

स्टब्सनेही पुसापुशी केली आहेच. जाळी आणि प्रेक्षकांची गर्दी चित्रात नाही. विंडसरऐवजी खडकाळ, परका वाटणारा मुलूख आहे. हरणाची फजितीऐवजी सरशी झाली, तीही नाही. पण जे पुसणे सर्वांत सोपे होते ते त्याने ठेवले. पांढरे अंगरखे आणि पागोटी घातलेले ते दोन सेवक चित्त्याइतक्याच काळजीने रंगवले आहेत. दोघांचे चेहरे वेगळे आहेत, मागच्या गर्दीतले ठोकळे नव्हेत. चित्राच्या शीर्षकात ते केवळ ‘दोन भारतीय’ आहेत. एकजण हात लांब करून चित्त्याला हरीण दाखवतो आहे. दुसऱ्याने चित्त्याच्या कमरेभोवतीचा लाल पट्टा धरला आहे. लाल टोपी नुकतीच डोळ्यांवरून मागे सारलेली दिसते आणि चित्ता समोर पाहतो आहे. पट्टा अजून सुटलेला नाही.